एकशे ब्याण्णव मतं

1995 च्या विधानसभा निवडणुकीत सांगोल्यातून गणपतराव देशमुख, आमचे आबा, 192 मतांनी पडले. आमच्या तालुक्यातल्या माझ्या वयाच्या माणसांना हा आकडा अजून तोंडपाठ आहे. कुणी खुशीत सांगतं, कुणी हळहळत सांगतं, पण चुकत कुणी नाही. मी मात्र तो कधी मोठ्याने बोलत नाही. त्या फेब्रुवारीत मी पंचवीस वर्षांचा होतो. पिंपरीतल्या एका कारखान्यात लागून दीड वर्ष झालं होतं आणि मतदार यादीत नाव गावालाच होतं. रात्रीची एसटी धरली असती तर सकाळी सांगोल्याच्या स्टँडवर उतरलो असतो. मी गेलो नाही. आबा कुठले पडतात, असं धरून चाललो आणि त्या दिवशी ओव्हरटाइम केला.

माझ्या एकट्याच्या मताने निकाल फिरला नसता, हे मलाही कळतं. पण तालुक्यात गावं शंभराच्या आसपास. दर गावची दोन पोरं जरी त्या रात्री एसटीत बसली असती तरी दोनशे मतं झाली असती. हा हिशेब मी निकालाच्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये मांडला आणि ताट तसंच ठेवून उठलो. तेव्हापासून एकही मतदान चुकवलेलं नाही.

ज्यांना सोलापूर जिल्ह्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाचे. पक्षात भाई, तालुक्यात आबा किंवा आबासाहेब. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, कायद्याचं शिक्षण पुण्याला. 1962 साली, म्हणजे संयुक्त महाराष्ट्र झाल्यानंतरच्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत, ते सांगोल्यातून निवडून आले. तिथून 2014 पर्यंत एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून, 11 वेळा. मध्ये दोनदा पडले, 1972 ला आणि 1995 ला. 1972 नंतर 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले, 1995 नंतर 1999 ला. 1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 च्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी सरकारात मंत्री होते. तेवढी वर्षं सोडली तर सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर गेली.

शेकाप म्हणजे लाल बावटा आणि खटारा हे जुनं चिन्ह. स्वातंत्र्याच्या वर्षीच शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्या पुढाकाराने काँग्रेसमधली शेतकऱ्यांची मंडळी वेगळी निघाली आणि हा पक्ष उभा राहिला. पुढे त्यातले बरेच जण परत काँग्रेसमध्ये गेले, खुद्द मोरे आणि जेधेसुद्धा. मराठवाड्यात उद्धवराव पाटील, कोल्हापुराकडे एन. डी. पाटील, रायगडात दत्ता पाटील, अशी एकेका भागात एकेक माणसं पक्ष धरून राहिली. सांगोल्यात आबा राहिले. सत्ता ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला सरकण्याची सोय त्यांना कितीदा तरी असणार. ज्या काळात तालुक्याचे पुढारी साखर कारखान्याच्या निवडणुकीसाठी सुद्धा पक्ष बदलत होते, त्या काळात हा माणूस हललाच नाही. 2014 साली पक्षाचे सगळे मिळून तीन आमदार उरले होते. त्यातले एक आबा.

माझ्या घरात आबांचं नाव पहिल्यांदा आलं ते 72 च्या दुष्काळामुळे. मी तेव्हा दोन वर्षांचा, त्यामुळे मला आठवत काहीच नाही. जे आहे ते आईचं आहे. आई तेव्हा विशी-बाविशीची. माण नदीकाठच्या आमच्या गावापासून दोन कोसांवर पाझर तलावाचं काम निघालं होतं. मला झोळीत घालून ती रोज जायची. बाप्यांनी माती खणायची, बायकांनी पाट्यांनी वाहायची. खणलेल्या जागेची चौकडी मोजली जायची आणि त्यावर मजुरी. मध्ये मातीचा एक खुंट राखून ठेवलेला असायचा, किती खोल खणलं ते त्यावरून दिसावं म्हणून. त्या खुंटाला ती साक्ष म्हणायची. मुकादम मस्टर घेऊन आला की सगळ्या उठून उभ्या राहायच्या. खायला मिलो, ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. पोरांना सुकडी. मिलोच्या भाकरीला चिकाटी नसायची, थापता थापता फुटायची, हे सांगताना आईचे हात अजूनही हवेत भाकरी थापतात.

त्या दुष्काळात आबा सभागृहात नव्हते. 1972 च्या मार्चमधल्या निवडणुकीत ते पडले आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. आईला यातलं काही ठाऊक नसायचं. तिच्या लेखी आबा हे आमदारच. आमदारकी गेली म्हणजे माणूस जातो थोडाच, असं ती म्हणते. दुष्काळी कामं निघावीत, मजुरी वेळेवर मिळावी, कामावर सावली आणि पाणी असावं, यासाठी त्या काळात डाव्या पक्षांनी राज्यभर मोर्चे काढले. आमच्या भागात डावा पक्ष म्हणजे शेकापच. आईने आयुष्यात पहिला मोर्चा पाहिला तो तेव्हा. पाहिला म्हणजे ती त्यात चालली.

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते आणि 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात त्यांनी हा प्रयोग सुरू केला होता. दुष्काळाने तो राज्यभर नेला. 1977 मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. देशाला असा कायदा मिळायला 2005 उजाडलं. पैसा कुठून आणायचा, तर त्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला, शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा. पिंपरीत माझी पहिली पगाराची चिठ्ठी हातात आली तेव्हा त्यावर या कराची कपात होती. शेजारच्या मशीनवरचा मित्र कुरकुरला. मला मात्र आईची झोळी आठवली. ज्या पैशातून आमच्याकडे मस्टर भरली गेली त्यात आता माझेही पाच-पंचवीस रुपये जात होते. त्या महिन्यात मी घरी मनिऑर्डर केली आणि फॉर्मवरच्या निरोपाच्या जागेत हेच लिहिलं. पोस्टमनने आईला वाचून दाखवलं, पण तिला काही उलगडलं नाही म्हणे.

आबांवर लिहिणारे बहुतेक जण एसटीपासून सुरुवात करतात. आमदार असून एसटीने फिरायचे, खादीचे कपडे, हातात पिशवी. खरं आहे सगळं. मीही त्यांना दोन-तीनदा स्टँडवर पाहिलंय. एकदा पंढरपूरच्या गाडीची वाट बघत होते. लोक आपापल्या जागी उभे होते, कुणी पुढे होऊन नमस्कार करत होतं, आणि एक म्हातारी त्यांच्या अगदी जवळ जाऊन, कनवटीची चिठ्ठी काढून, काहीतरी सांगत होती. ते वाकून ऐकत होते. उंच माणूस होता, त्यामुळे वाकावं लागायचं. गाडी लागली तरी तिचं संपलं नव्हतं आणि ते हलले नव्हते. मला हे दृश्य फार प्रिय आहे. तरीही नुसत्या साधेपणाचं कौतुक ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण त्यात आबांचं काम मागे पडतं. साधी माणसं आमच्या तालुक्यात पुष्कळ आहेत. माझे वडील साधे होते, पण त्यांनी कृष्णेचं पाणी आणलं नाही.

सांगोल्याला पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आत-बाहेर. माण नदी नावाला नदी, वर्षातले बरेच महिने वाळू. नीरा उजव्या कालव्याचं शेपूट तालुक्याच्या एका बाजूला येतं आणि शेपटाला पाणी किती पोचतं हे शेतकऱ्याला विचारावं. अशा तालुक्याच्या आमदाराने, तेही विरोधी पक्षातल्या, करायचं काय? निधी सत्ताधाऱ्यांकडे वळतो. त्याच्या हातात उरतात ती सभागृहाची आयुधं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, अर्थसंकल्पावरच्या कपात सूचना. पेपरात यांची बातमी चार ओळींची येते, कधी तीही येत नाही. पण मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं, उत्तर कामकाजात नोंदलं जातं, आश्वासन दिलं तर ते आश्वासन समितीकडे जातं, आणि पुढच्या अधिवेशनात तोच माणूस तोच कागद घेऊन परत उभा राहतो. हे पन्नास वर्षांहून जास्त काळ करायचं. अधिवेशन सुरू असताना आबा शेवटपर्यंत बाकावर बसून असायचे, हे त्यांच्या विरोधकांनीही कबूल केलेलं आहे. त्यांची थोरवी मला इथे दिसते, म्हणून एसटीच्या गोष्टीपेक्षा मी लोकांना हीच सांगतो.

पाण्याचं प्रकरण जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण त्याशिवाय हा माणूस कळत नाही. कृष्णेच्या पाण्यात महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र असे वाटेकरी. बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं आणि या निवाड्याचा फेरविचार 31 मे 2000 नंतर करता येईल असं ठेवलं. तोवर आपण आपला वाटा अडवून वापरला नाही तर नव्या वाटपात तो हातचा जाईल, ही भीती होती. वाटा होता, पण धरणं आणि कालवे अपुरे होते, आणि होते तेही मुख्यतः नदीकाठच्या, आधीच बागायती असलेल्या पट्ट्यात. माणदेश उंचावर. पाणी आपसूक चढत नाही. ते पंपांनी, टप्प्याटप्प्याने उचलावं लागतं.

नव्वदच्या दशकात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर या मंडळींनी 13 दुष्काळी तालुक्यांची चळवळ बांधली. आटपाडीत पाणी परिषदा भरायला लागल्या. वडील एका परिषदेला ट्रकमध्ये उभे राहून गेले होते. परत आले ते धुळीने माखून, आणि जेवायला बसल्यावर त्यांनी ताटातच मला नकाशा काढून दाखवला. आमटीची धार म्हणजे कृष्णा, भाकरीचा तुकडा म्हणजे कराड, ताटाची कड म्हणजे आपण. 'हितनं हितवर चढवायचं हाय,' म्हणाले. मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करत होतो, मला हसू आलं. इतक्या उंचीवर, इतक्या लांब, विजेचं बिल कोण भरणार? वडील म्हणाले, 'आबा म्हणत्यात म्हंजी हुईल.' मला ही अंधश्रद्धा वाटली.

1996 मध्ये कृष्णा खोरे महामंडळ निघालं, टेंभू योजनेचं काम सुरू झालं. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी असं करत सांगोल्यापर्यंत आणायचं. कामं रखडली, पैसे संपले, परत सुरू झाली. मी उपस्थित केलेला विजेच्या बिलाचा प्रश्न खरा होता, हेही सांगतो. तो वर्षानुवर्षं योजनेच्या मानेवर बसला होता. शेवटी 81 टक्के सरकारने आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी भरायचं असं ठरलं तेव्हा पंप जरा नेमाने फिरायला लागले. पण पाणी आलं. सगळ्यांना नाही, पुरेसं नाही, हवं तेव्हा नाही. आमच्या गावच्या पूर्वेकडच्या वस्त्या अजूनही टँकरची वाट बघतात. मात्र उन्हाळ्यात माण नदीत पाणी सोडलं आणि वडील काठीने चाचपडत काठावर गेले, तो दिवस मी पाहिला आहे. त्यांना मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं. त्यांनी वाकून हात बुडवला. मी ताटातल्या नकाशाबद्दल माफी मागायला हवी होती, पण बोललो नाही, आणि आता ते नाहीत.

डाळिंबाचं सांगायला हवं, नाहीतर सांगोल्याची माणसं मला घरात घेणार नाहीत. 1990 नंतर रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली. कमी पाण्यात येणारं, माळरानावर तगणारं झाड म्हणून आमच्याकडे डाळिंब लागलं. आधी गणेश, मग भगवा. ठिबक आलं. ताण देऊन बहार धरायचं शास्त्र न शिकलेल्या शेतकऱ्यांना मुखोद्गत झालं. पत्र्याची घरं गेली, स्लॅबची आली. डिसेंबर 2020 मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे निघाली ती सांगोल्याहून, कोलकात्याजवळच्या शालिमारला. तेल्या आणि खोडकिडीने पुढे बागा उद्ध्वस्त केल्या, ती वेगळी आणि दुःखाची गोष्ट. आणि सूतगिरणी. कापसाचं मोठं पीक नसलेल्या तालुक्यात आबांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली. राज्यातल्या कितीतरी गिरण्या त्यांच्या संचालकांनी खाऊन टाकल्या. ही चालली. माझी चुलत बहीण तिथे कामाला होती. नवऱ्याने टाकलेली, दोन पोरं पदरात. पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला व्हायचा. तिच्या दोन्ही पोरांची शिक्षणं त्या तारखेवर झाली.

आता 1995 कडे परत येतो, कारण मी एवढं सांगितल्यावर कुणीही विचारेल, मग असा माणूस पडला कसा? मला वाटतं त्यात लोकांचा राग कमी आणि कंटाळा जास्त होता. तीस वर्षं तोच चेहरा. पाणी येणार येणार, येत काही नाही. समोर शहाजीबापू पाटील तरुण, बोलायला फर्डे, माणसात मिसळणारे. माझ्या बरोबरीची पोरं त्यांच्याकडे गेली आणि त्यात गैर काही नव्हतं. लोकशाहीत आमदार बदलावासा वाटणं हा गुन्हा नाही. माझं दुःख वेगळं आहे. मला बदल नको होता. मला आबाच हवे होते आणि तरी मी गेलो नाही. त्यांचं निवडून येणं मी पावसाळ्यानंतरच्या हिवाळ्यासारखं गृहीत धरलं होतं. पराभवानंतर आबा घरी बसले नाहीत. गावोगाव जात राहिले, सत्तरीत होते तरी. 1999 ला परत निवडून आले. त्या वेळी मी दोन दिवस आधीच गावी जाऊन बसलो होतो. वडिलांना खांद्याशी धरून शाळेच्या खोलीत नेलं. रांगेत वडील म्हणाले, 'ह्या बारीला आलास व्हय.' चारच शब्द. त्यांना सगळं माहीत होतं.

नव्वदी ओलांडल्यावर, 2019 मध्ये, आबा थांबले. उमेदवारी नातवाला मिळाली, डॉ. अनिकेत देशमुख. समोर पुन्हा शहाजीबापूच. नातू 768 मतांनी पडला. निकाल बघताना माझ्या पोटात तोच जुना गोळा आला, पण या वेळी मी मत दिलेलं होतं. 2022 च्या जूनमध्ये बापूंच्या फोनवरच्या एका संवादाने सांगोल्याचं नाव देशभर गेलं आणि पुण्यातले लोक मला झाडी-डोंगाराबद्दल विचारायला लागले. मी त्यांना सांगायचो, आमच्याकडे झाडी आहे ती डाळिंबाची आणि तिच्या मुळाशी जे पाणी आहे त्याची गोष्ट ऐकायला वेळ आहे का. काहींनी खरंच ऐकली. 2024 ला दुसरा नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, निवडून आला. वारसाचं मोजमाप वारसाच्या कामावरच व्हायला हवं, आजोबांच्या पुण्याईवर नाही, आणि ते करायला अजून अवकाश आहे.

30 जुलै 2021 च्या रात्री आबा सोलापूरच्या दवाखान्यात गेले. कोरोनाचे दिवस होते. मी पुण्यात, आई गावात, आणि मला निघता येण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईने फोन केला. गावातले सगळे सांगोल्याला गेलेत, म्हणाली, रस्त्याला चूल नाही पेटली कुणाची. तूही गेलीस का विचारलं, तर गुडघ्यांमुळे नाही म्हणाली. मग काय केलंस दिवसभर?

शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवर बसून ती तलावावर गेली होती. त्याच पाझर तलावावर. त्या वर्षी त्यात बरं पाणी होतं. भिंतीवर आता बाभळी वाढल्यात, पायवाट पडलीय, शेळ्या चरतात. सांडव्याकडच्या टोकापासून तिने पावलं मोजली. कुठल्या भागात कुणाची टोळी होती ते तिला अजून माहीत आहे. आमच्या गावच्या बायकांचा तुकडा सापडल्यावर ती तिथे खाली बसली, पोराला म्हणाली, तू जा, मला दिवस मावळायच्या आत न्यायला ये.